ओळख पटणे आणि ओळख होणे : छायाचित्रातील रंग व फोकस



कामगार चळवळीत आयुष्य घालविलेल्या माणसाने व्याख्यानमालेत येऊन किमान वेतनावर बोलावे, कंत्राटी पद्धतीवर बोलावे. फोटो कसा काढावा हे त्याने कशाला सांगावे, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर असे की, आमचे काम माणसांच्या चेहऱ्यांशीच पडते, आणि त्या चेहऱ्यांचे फोटो जेथे जेथे लागतात तेथे तेथे आम्हांला उभे राहावे लागते. सभासदाच्या कार्डावर फोटो लागतो. निवृत्तिवेतनाच्या अर्जावर नवराबायकोचा जोडीने लागतो. सेवानिवृत्तीच्या समारंभात लागतो. आणि शेवटी शोकसभेत, हार घालण्यासाठी लागतो.

या शेवटच्या वेळी जे दिसते त्यामुळे आम्ही या विषयाकडे वळलो. तीस-पस्तीस वर्षे राबलेल्या माणसाच्या घरात त्याचा एकट्याचा, नीट काढलेला असा फोटो बहुधा नसतोच. असतो तो ओळखपत्रावरचा, बोटाच्या पेराएवढा. मग घरची मंडळी तोच घेऊन स्टुडिओत जातात. स्टुडिओवाला तो मोठा करतो, मागची भिंत पुसून निळे आकाश घालतो, अंगावर कोट चढवितो आणि कोणी न सांगता चेहरा दोन छटा गोरा करतो. भिंतीवर जो माणूस टांगला जातो त्याला घरची मंडळी ओळखतात. पण जरा थांबून ओळखतात. ते जरा थांबणे हाच आमचा आजचा विषय आहे.

आपल्या भाषेत दोन निराळे प्रयोग आहेत. ओळख पटणे वेगळे आणि ओळख होणे वेगळे. दारावरच्या पहारेकऱ्याला आपली ओळख पटते. शेजाऱ्याशी आपली ओळख होते. ओळखपत्राचा फोटो पहिल्या कामासाठी असतो. मागे पांढरी भिंत, समोरून सपाट उजेड, नाकापासून कानापर्यंत सारे सारखेच स्पष्ट. त्यात काही गैर नाही. त्या फोटोचे ते कामच आहे. परंतु ज्या चित्राकडे पाहून ओळख व्हावी असे आपल्याला वाटते त्यात दोन गोष्टींचा निर्णय कोणी तरी करावा लागतो. पहिली, पाहणाऱ्याची नजर कोठे थांबावी. तो निर्णय फोकसने होतो. दुसरी, हा माणूस कोणत्या उजेडात आणि कशाच्या शेजारी दिसावा. तो निर्णय रंगाने होतो. आमचे म्हणणे एवढेच आहे की, हे दोन्ही निर्णय केवळ कलेचे नाहीत. ते न्यायाचेही आहेत.

आमचे शिक्षण शाळेत फार झाले नाही. जे काही कळते ते सार्वजनिक वाचनालयातील पुस्तकांतून आणि फोटोच्या दुकानांतील कारागिरांना विचारून मिळविलेले आहे. म्हणून आम्ही शास्त्राचे शब्द कमी वापरू. पण आकडे टाळणार नाही, कारण हिशेबावाचून न्याय होत नाही हे चळवळीने आम्हांला शिकविले आहे.

नजर कोठे थांबावी?

भिंगाचे काम समजण्यास सोपे आहे. वस्तूच्या एका बिंदूपासून फाकत निघालेले किरण भिंग पुन्हा एका बिंदूत गोळा करते. पण एका वेळी ते ही किमया एकाच अंतरासाठी करू शकते. त्या अंतराच्या अलीकडील वा पलीकडील बिंदूंची फिल्मवर बारीक चकती उमटते. चकत्या एकमेकींवर पसरल्या की चित्र धूसर होते. चकती फारच लहान असेल तोवर मात्र आपला डोळा तिला बिंदूच समजतो. डोळ्याने दिलेल्या या सवलतीमुळे, साधलेल्या अंतराच्या मागेपुढे एक पट्टा स्पष्ट दिसतो. हा पट्टा किती रुंद ठेवावयाचा हे आपल्या हाती असते.

एक उदाहरण घेऊ. पस्तीस मिलिमीटर फिल्मचा कॅमेरा आहे, त्याला ८५ मिलिमीटर नाभीय अंतराचे भिंग लावले आहे, आणि माणूस पाच फुटांवर बसला आहे. भिंगाचे छिद्र १.८ या आकड्यावर ठेवले तर स्पष्टतेचा पट्टा जेमतेम सव्वा इंचाचा मिळतो. तेच छिद्र ८ या आकड्यावर आणले तर पट्टा सुमारे सहा इंचांचा होतो. आकडा लहान असताना छिद्र मोठे कसे, असे नवशिक्याला वाटते. हा आकडा भाजक आहे, एवढे ध्यानात ठेवले की गोंधळ मिटतो. ८५ ला १.८ ने भागले की ४७ मिलिमीटरचे भोक येते, आणि ८ ने भागले की साडेदहा मिलिमीटरचे. भोक मोठे असले की किरणांचा शंकू रुंद होतो आणि चकत्या लवकर वाढतात.

आता चेहऱ्याकडे वळू. नाकाच्या टोकापासून कानापर्यंतचे अंतर साधारण पाच इंच असते. म्हणजे छिद्र ८ वर असता, पट्टा चेहऱ्यावर नीट बसविला तर सारा चेहरा स्पष्ट येतो. १.८ वर डोळे साधले तर कान विरघळतात आणि मागची भिंत नाहीशी होते. यांपैकी एक बरोबर व दुसरे चूक असे नाही. परंतु काहीही केले तरी डोळा सोडावयाचा नाही, हा नियम कारागीर लोक पाळतात. चेहरा तिरपा असेल तर कॅमेऱ्याच्या जवळचा डोळा साधावयाचा. माणूस माणसाकडे पाहतो तेव्हा त्याची नजर प्रथम डोळ्यांवर जाते. तेथे धूसर दिसले की पाहणारा पुढे थांबत नाही.

अंतराबद्दलही एक गोष्ट सांगितली पाहिजे. दीड फुटावरून फोटो काढला तर नाक कॅमेऱ्याला कानापेक्षा पाव हिश्शाहून अधिक जवळ येते, आणि म्हणून ते फुगलेले दिसते. पाच फुटांवरून तोच फरक बाराव्या हिश्शाचा राहतो. हा दोष भिंगाचा नसून आपण कोठे उभे राहिलो याचा आहे. हात लांब करून स्वतःचा फोटो काढणाऱ्या मुलामुलींना आपले नाक आवडेनासे होते, ते एवढ्याचमुळे. त्यांच्या नाकांत काही वाईट नाही.

खिशातल्या फोनचे भिंग इतके इवलेसे असते की त्यात बहुधा सारेच स्पष्ट येते. पुढे दोन भिंगांचे फोन चेहरा कोणता व भिंत कोणती हे गणिताने ठरवून मागचा भाग मागाहून धूसर करू लागले. सोय चांगली आहे. पण त्या गणिताला माणूस कळत नाही. चष्म्याची दांडी, मोकळे केस, डोक्यावरचा पदर यांची कड ते पुष्कळदा खाऊन टाकते. म्हणून फोनचा असा फोटो घेतल्यावर कडा एकदा डोळ्यांनी तपासाव्यात.

फोकस ठरविण्याचा हक्क कोणाचा?

हा प्रश्न आमचा नाही. ज्यूलिया मार्गारेट कॅमेरॉन या बाईंनी तो विचारला होता. १८१५ साली कलकत्त्यात जन्मलेल्या या बाईंच्या हाती वयाच्या ४८ व्या वर्षी, १८६३ मध्ये, मुलीने व जावयाने भेट दिलेला कॅमेरा आला. त्यांची व्यक्तिचित्रे थोडी धूसर असत, आणि त्यावरून लंडनच्या जाणत्या मंडळींनी त्यांना नावे ठेवली. तेव्हा त्यांनी सर जॉन हर्शेल या शास्त्रज्ञाला लिहिलेल्या पत्रात, योग्य फोकस कोणता हे सांगण्याचा अधिकार कोणाला आहे, अशा अर्थाचा प्रश्न केला. पुढे त्याच हर्शेलचे १८६७ मध्ये त्यांनी काढलेले छायाचित्र जगप्रसिद्ध झाले. पांढऱ्या विस्कटलेल्या केसांतून तो म्हातारा अंधारातून बाहेर येत आहेसे वाटते. केसाचा केस मोजता येत नाही. पण माणूस समोर उभा राहतो.

मात्र गोष्ट येथेच संपत नाही. आयुष्याच्या अखेरीस बाई सिलोनमध्ये राहिल्या आणि तेथे राबणाऱ्या माणसांचीही त्यांनी छायाचित्रे घेतली. हर्शेल, टेनिसन, डार्विन यांची नावे आपल्याला पाठ आहेत. सिलोनच्या त्या माणसांपैकी बहुतेकांची नावे उरली नाहीत. भिंग तेच, हात तोच, फोकसही तसाच. मग उणे काय राहिले, याकडे आम्ही पुढे येऊ.

उलट बाजूचे उदाहरण जर्मनीतील आउगुस्ट झांडर यांचे. त्यांनी शेतकरी, कारागीर, वकील, बेकार, भटके अशा सर्व थरांतील माणसांची छायाचित्रे काढण्याचा संकल्प केला. त्यांपैकी साठ चित्रांचे पुस्तक १९२९ मध्ये निघाले. १९२८ मधल्या त्यांच्या एका चित्रात विटा वाहणारा मजूर आहे. त्याच्या मागे निव्वळ काळोख आहे. दिसतो तो माणूस आणि त्याच्या खांद्यावरचे ओझे. त्याच वर्षीच्या दुसऱ्या चित्रात मिठाई करणारा आचारी आपल्या भटारखान्यात पातेले धरून उभा आहे. येथे मागचे सामानही दिसते, कारण तो त्या जागेचा धनी असल्यासारखा उभा आहे. मागची जागा त्या माणसाची ओळख सांगत असेल तर ती स्पष्ट ठेवावी. नसेल तर जाऊ द्यावी. हा विवेक ज्याला आला त्याला फोकस आला. १९३६ मध्ये नाझींनी या पुस्तकाचे छपाईचे ठसे नष्ट करविले. साध्या माणसांकडे समान नजरेने पाहणेही काही राज्यकर्त्यांना सोसत नाही, याचा हा पुरावा समजावा.

उजेडाला रंग असतो

आता रंगाकडे येऊ. पांढरा कागद उन्हात पांढरा दिसतो, आणि रात्री पिवळ्या दिव्याखालीही आपल्याला तो पांढराच दिसतो. आपला मेंदू मनातल्या मनात दुरुस्ती करून घेत असतो. फिल्म ही दुरुस्ती करीत नाही. उजेडाचा रंग मोजण्यास केल्विन हे माप वापरतात. समईच्या ज्योतीचा उजेड सुमारे १,९०० केल्विन, तारेच्या जुन्या बल्बचा २,७०० ते २,८००, दुपारच्या उन्हाचा सुमारे ५,५००, आणि निरभ्र आकाशाखालच्या सावलीचा ७,००० च्या वर असतो. आकडा चढतो तसा उजेड तांबूस-पिवळ्याकडून निळ्याकडे जातो. म्हणून उन्हासाठी केलेल्या फिल्मवर बल्बखालचा चेहरा हळदीने माखल्यासारखा येई, आणि नळीच्या दिव्याखालचा हिरवट, आजाऱ्यासारखा. आजचे कॅमेरे ही दुरुस्ती आपोआप करू पाहतात. पण खिडकीचा उजेड एका गालावर आणि बल्बचा दुसऱ्या गालावर असेल तर कोणत्या गालाला न्याय द्यावा हे त्यांनाही उमगत नाही. अशा वेळी सोपा उपाय म्हणजे बल्ब विझविणे.

उजेड जेथून परत येतो तेथलाही रंग घेऊन येतो. झाडाखाली उभ्या केलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर पानांची हिरवी झाक येते. तांबड्या भिंतीजवळचा गाल तांबूस होतो. म्हणून जुने फोटोग्राफर उत्तरेकडच्या खिडकीची खोली शोधीत, कारण तेथे ऊन थेट येत नाही आणि दिवसभर उजेड शांत राहतो. आपल्या घरांतली पडवी किंवा ओसरी हे काम फुकटात करते.

शेजाऱ्याचा परिणाम

एखादा रंग कसा दिसेल हे त्याच्या शेजारच्या रंगावरही अवलंबून असते. ही गोष्ट शास्त्राला कळली ती एका कारखान्यातील तक्रारीमुळे. पॅरिसच्या गोब्लँ या गालिचे व भिंतीचे पडदे विणणाऱ्या सरकारी कारखान्यात मिशेल शेव्ह्रल हे रसायनशास्त्रज्ञ १८२४ पासून रंगखात्याचे प्रमुख होते. निळ्या-जांभळ्या वस्त्रांच्या सावल्यांत वापरलेला काळा धागा फिका पडतो, अशी तक्रार त्यांच्याकडे आली. त्यांनी धागा तपासला. तो उत्तम रंगला होता. दोष रंगाऱ्याचा नव्हता. शेजारच्या निळ्याने काळ्याचा जोर हरण केला होता. यावर त्यांनी १८३९ मध्ये मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. दोन विरुद्ध रंग, उदाहरणार्थ तांबडा व हिरवा, शेजारी ठेवले की दोन्ही अधिक तेजाळतात, हा त्यातला नियम चित्रकारांनी उचलला. कारागिराचा दोष म्हणून दप्तरी लागलेली गोष्ट नीट चौकशी केल्यावर निराळीच निघते, हा अनुभव आमच्या क्षेत्रात नवा नाही. योगायोग असा की, हेच शेव्ह्रल १८८६ मध्ये शंभर वर्षांचे झाले तेव्हा पॅरिसच्या नादार पितापुत्रांनी त्यांच्याशी बोलत बोलत त्यांची छायाचित्रे घेतली. छायाचित्रांसह छापलेली ही पहिली मुलाखत मानतात.

व्यक्तिचित्रात या नियमाचा उपयोग सरळ आहे. माणसाची कातडी, मग ती कोणाचीही असो, नारिंगी-तपकिरी रंगाच्या कुळातली असते. म्हणून तिच्या मागे निळसर, हिरवट किंवा करडा रंग असला तर ती जिवंत उठून दिसते. भगवा, पिवळा वा विटकरी पडदा मागे लावला तर चेहरा त्यात मिसळतो. अंगावरच्या कपड्याचेही तसेच. भडक कपडा वाईट नव्हे. पण तो चेहऱ्याशी स्पर्धा करीत असेल तर त्याचा भाग चित्रात कमी घ्यावा.

फिल्मचा पक्षपात

कातडी एकाच कुळातली असते हे आम्ही अलंकार म्हणून बोललो नाही. तिचा रंग ठरतो तो मुख्यतः रक्तावरून आणि मेलॅनिन या द्रव्यावरून. दूरचित्रवाणीचे तंत्रज्ञ रंग तपासण्यासाठी जे यंत्र वापरतात त्यावर गोऱ्या, सावळ्या व काळ्या सर्व माणसांच्या कातडीचा रंग जवळजवळ एकाच रेषेवर पडतो. फरक असतो तो बहुतांशी उजळपणाचा. माणसामाणसांत जे भेद मानले गेले त्यांतला एवढा मोठा भेद त्या यंत्रावर एका रेषेत मावतो!

परंतु फिल्म बनविणाऱ्यांनी ही समानता पाळली नाही. अगदी आरंभीच्या काचांचा प्रश्न रसायनाचा होता. त्या निळ्या उजेडाला चटकन जागत आणि तांबड्याला जवळजवळ आंधळ्या असत. त्यामुळे तांबूस-तपकिरी कातडी आहे त्याहून काळी येई. १८७३ मध्ये हर्मान फोगेल यांनी काचेवरील लेपात रंगद्रव्य मिसळून तिची दृष्टी वाढविण्याची युक्ती शोधली, आणि सर्व रंग पाहणाऱ्या काचा १९०६ पासून बाजारात आल्या.

पुढचा प्रश्न मात्र रसायनाचा नव्हता. १९५४ पर्यंत अमेरिकेत कोडॅक कंपनी रंगीत फिल्मच्या किमतीतच ती धुण्याची किंमत घेई. त्या वर्षी सरकारशी झालेल्या तडजोडीमुळे हे काम बाहेरच्या दुकानांना मोकळे झाले. सर्वांचे रंग सारखे यावेत म्हणून कंपनी नमुन्याचे कार्ड पाठवू लागली. कार्डावर एका गोऱ्या तरुणीचा फोटो असे. पहिल्या तरुणीच्या नावावरून धंद्यात त्याला शर्लीचे कार्ड म्हणत. त्या तरुणीची कातडी ठीक दिसली की यंत्र ठीक लागले, असा हिशेब. दुकानदार जगात कोठलाही असो, माप तेच. काळ्यासावळ्या माणसांचे चेहरे काळोखात बुडाले तर ती त्या माणसांचीच उणीव ठरे. सुधारणा सुरू झाली ती लाकडी सामान आणि चॉकलेट बनविणाऱ्यांनी तक्रार केल्यावर. जाहिरातींत आपल्या मालाच्या तपकिरी छटा नीट येत नाहीत, असे त्यांचे गाऱ्हाणे होते. लाकडाला दाद मिळाली. माणसाला तिची वाट पाहावी लागली. निरनिराळ्या वर्णांच्या तीन स्त्रिया असलेले कार्ड १९९० नंतरच्या दशकात आले.

हा इतिहास संपला असे कोणी समजू नये. २०१८ मध्ये जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू या दोन संशोधक स्त्रियांनी, चेहरा पाहून बाई की पुरुष हे सांगणाऱ्या संगणकीय यंत्रणा तपासल्या. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चुकीचे प्रमाण फार तर ०.८ टक्के निघाले. काळ्यासावळ्या स्त्रियांच्या बाबतीत ते ३४.७ टक्क्यांपर्यंत गेले. आता कित्येक ठिकाणी हजेरी मस्टरवर न घेता चेहऱ्याच्या छायाचित्रावर घेतात. तेव्हा यंत्राने कोणाचा चेहरा नीट पाहावा, हा आता रोजाचा व पोटाचा प्रश्न झाला आहे.

आपल्या हातच्या कॅमेऱ्यातही असा एक लहानसा पक्षपात असतो. त्याचे उजेडमापक समोरचे दृश्य मध्यम करड्या छटेचे आहे असे धरून चालते. सावळा माणूस चुन्याच्या पांढऱ्या भिंतीपुढे, पांढरा सदरा घालून उभा केला की मापक पांढऱ्याला घाबरते, उजेड कमी घेते आणि चेहरा काळा पडतो. उपाय दोन आहेत. माप चेहऱ्यावरून घ्यावे. फोनवर चेहऱ्यावर बोट टेकवून उजेड थोडा वाढवावा. आणि भिंत फार पांढरी नसावी. सावळ्या कातडीचे सौंदर्य तिच्यावर पडणाऱ्या मंद चकाकीत असते. ती चकाकी मोठ्या खिडकीच्या उजेडात मिळते. तोंडावर मारलेल्या फ्लॅशने फक्त तेलकट डाग मिळतात.

एका मुलीचे डोळे

रंग व फोकस यांची शक्ती आणि त्यांची मर्यादा, दोन्ही एकाच चित्रात पाहावयाची असतील तर शरबत गुल हिचे चित्र पाहावे. १९८४ मध्ये अमेरिकन छायाचित्रकार स्टीव्ह मॅक्करी पेशावरजवळच्या अफगाण निर्वासितांच्या छावणीत गेले. तेथील मुलींच्या शाळेच्या तंबूत त्यांनी सुमारे बारा वर्षांच्या एका मुलीचा फोटो घेतला. जून १९८५ च्या 'नॅशनल जिओग्राफिक' मासिकाच्या मुखपृष्ठावर तो आला. अंगावर विटकरी तांबडी, भोके पडलेली शाल. मागे हिरवट धूसर पार्श्वभूमी. आणि त्या दोहोंच्या मध्ये हिरवे डोळे. शेव्ह्रलचा तांबड्या-हिरव्याचा नियम येथे साक्षात दिसतो. मागचा भाग विरघळला आहे, आणि फोकस डोळ्यांवर इतका नेमका आहे की पाहणाऱ्याला दुसरीकडे जाताच येत नाही. कोडाक्रोम ही त्या वेळची नामांकित फिल्म वापरली होती; तिचे उत्पादन २००९ मध्ये बंद झाले.

तो फोकस किती नेमका होता हे पुढे कळले. २००२ मध्ये तिचा शोध घेण्यात आला. अफगाणिस्तानात सापडलेली स्त्री तीच का, हे केंब्रिजच्या जॉन डॉगमन यांनी बुबुळातील नक्षी जुन्या चित्रातल्या नक्षीशी ताडून ठरविले. म्हणजे ओळख पूर्णपणे पटली. परंतु सतरा वर्षे जगभर घरोघरी गेलेल्या त्या चित्राखाली तिचे नाव नव्हते. तिने ते चित्र तोवर पाहिलेही नव्हते. २०१६ मध्ये पाकिस्तानात खोट्या कागदांवर ओळखपत्र मिळविल्याच्या आरोपावरून तिला अटक झाली आणि नंतर तिला अफगाणिस्तानात पाठविण्यात आले. २०२१ मध्ये इटलीने तिला आश्रय दिला. जगातला सर्वांत ओळखीचा एक चेहरा, आणि त्याच बाईला ओळखपत्रासाठी तुरुंग पाहावा लागला!

सिलोनच्या माणसांच्या चित्रांत उणे काय राहिले, याचे उत्तर येथे मिळते. ओळख एकतर्फी होत नसते. फोकसने नजर थांबते आणि रंगाने माणूस जवळ येतो. पण नाव विचारल्यावाचून आणि चित्र त्याला दाखविल्यावाचून ओळख पुरी होत नाही.

मग आपण काय करावे?

कोणी म्हणेल, ही सारी पोट भरलेल्यांची चर्चा झाली. आम्हांला तसे वाटत नाही. हे सांगितलेले काम करण्यास पैसा लागत नाही, लक्ष लागते. आणि कॅमेरा आता बहुतेक घरांत फोनच्या रूपाने आहेच.

घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला सकाळी ओसरीवर किंवा खिडकीशी बसवावे. ऊन थेट तोंडावर नको. घरातले दिवे विझवावेत. एका बाजूने सावली फार गडद वाटली तर तिकडे धुतलेली पांढरी चादर कोणाला तरी धरावयास सांगावी. मागे निळसर वा करडी भिंत असली तर उत्तम. नसेल तर माणसाला भिंतीपासून चार-पाच फूट पुढे बसवावे, म्हणजे भिंत आपोआप मऊ होते. आपण पाच फुटांवर राहावे. जवळचा डोळा साधावा आणि उजेड चेहऱ्यावरून मोजावा. तो माणूस ज्या हत्याराने जगला ते त्याच्या हाती असेल, मग ते शिवणयंत्र असो, थापी असो वा पाटा-वरवंटा, तर तेही स्पष्ट येऊ द्यावे. कोट चढवू नये. त्याला जो कपडा घालावासा वाटेल तो घालू द्यावा. त्याची ती निवड हाही त्याचा हक्क आहे.

स्टुडिओत गेलात तर आधीच सांगा की रंग जसा आहे तसाच ठेवा. स्टुडिओवाला वाईट माणूस नसतो. गोरे करून दिले नाही तर गिऱ्हाईक नाराज होते, असा त्याचा अनुभव असतो. तेव्हा हा दोष एकट्या त्याच्या माथी मारू नये. गिऱ्हाईकाने मागणी बदलली की कारागीरही बदलतो. फोनमध्ये चेहरा उजळविण्याची जी सोय असते तीही बंद करावी. आईचा रंग बदलून काढलेला फोटो नातवंडांना दाखविणे म्हणजे ती जशी होती तशी आपल्याला पुरेशी वाटली नाही, असे सांगणेच होय.

आणि फोटो काढून झाल्यावर तो प्रथम ज्याचा आहे त्याला दाखवावा. त्याने हा नको म्हटले तर दुसरा काढावा. तो छापून घ्यावा, आणि मागे पेन्सिलीने पूर्ण नाव, गाव, काम आणि साल लिहावे. संघटनेच्या कचेऱ्यांत जुन्या मोर्चांचे, संपांचे समूहफोटो पडून आहेत. पहिल्या रांगेतील पुढाऱ्यांची नावे खाली छापलेली असतात, आणि मागच्या तीन रांगांना 'इतर कामगार' म्हटलेले असते. त्या रांगांतली माणसे ओळखणारे काही म्हातारे अजून हयात आहेत. आपल्यापैकी ज्यांच्या घरी असा फोटो असेल त्यांनी तो या आठवड्यात खाली काढावा, त्यांच्यापैकी एकाकडे न्यावा, आणि एकेका चेहऱ्यावर बोट ठेवून नाव विचारून घ्यावे.